क्लॅरोनेटवाल्याचं ध्यान

गच्चीवर दोरी बांधून लाल कोट उन्हात टाकले की आमच्या घरात लगनसराई सुरू झाली. पत्रिका मागाहून येतात. सोनेरी झालरीचे, काखेत रंग उडालेले, डांबरगोळ्यांच्या वासाचे कोट वाऱ्यावर बाह्या हलवत असतात, आणि खाली अंगणात भाईजान मोबाईल कानाला लावून कुणाला तरी ओरडून सांगत असतात, "हाव, हाव, परण्याला बी येतो अन् नवरी वाटंला लावायला बी येतो, तुम्ही फक्त तारीख बोला!" यंदाही मागच्या हप्त्यात कोट टाकले. मी जिन्यात उभा होतो. तळहात ओले झाले. आयला, म्हटलं, आली का परत!

मी बँडवाला. नांदेडच्या जुन्या गावात आमचा बँड आहे, अब्बांच्या हातचा. मोठे भाऊ इस्माईल ट्रंपेट वाजवतात. गाव त्यांना मास्तर म्हणतं, मी भाईजान म्हणतो. माझ्याकडं क्लॅरोनेट. ढोल, ताशा, बाकीची पितळी वाद्यं वाजवणारे आठ-दहाजण. घरात आम्ही दखनी बोलतो, बाहेर मराठी, आणि गप्प राहणं मला कुठल्याच भाषेत जमत नाही. चुळबुळ माझ्या अंगातच आहे. जेवताना मांडी हलते, न्हाव्याच्या खुर्चीत मान हलते, कुणाच्या मातीला गेलो तरी बोटं पँटवर चाल वाजवत असतात. अम्मी म्हणायची, या पोराला झोपेत तरी कुणीतरी धरून ठेवा. अशा माणसाला डॉक्टरनं एक दिवस सांगितलं, रोज डोळे मिटून शांत बसायचं. आणि हे औषध म्हणून! गोळीबरोबर! मी शबानाकडं बघितलं. शबाना माझी बायको. ती पदरात तोंड लपवून हसत होती.

हे सगळं ज्या लगनसराईत सुरू झालं ती आठवली की आधी नाकात वास येतो. तापलेल्या डांबराचा, अक्षतांतल्या हळदीचा, घोड्याच्या घामाचा, आणि मांडवामागं मोठ्या पातेल्यात कढणाऱ्या वरणाचा. मग ऊन दिसतं. आमच्याकडचं ऊन काही विचारू नका, दुपारी बारा वाजता सावलीसुद्धा पायाखाली लपून बसते. आणि नेमका बाराचाच मुहूर्त. लोकांना लग्नाला दुसरी वेळ का सापडत नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पाहुणे सुती कपड्यांत वारा घेतात आणि आम्ही गळ्यापर्यंत बटणं लावून लाल कोटात शिजतो.

तर असंच लोह्याला एक लग्न होतं. परण्या निघाला होता. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो त्या मिरवणुकीला आमच्याकडं परण्या म्हणतात, आणि बँडवाल्याची खरी परीक्षा तिथंच होते. नवरदेवाचे मामा टॉवेल फिरवत नाचून राहिले होते. आमचा सवाल-जवाब रंगला होता. आमच्या बँडची ही खासियत. भाईजान ट्रंपेटवर चालीची अर्धी ओळ टाकतात, तो सवाल. उरलेली अर्धी मी क्लॅरोनेटवर पुरी करतो, तो जवाब. लोक म्हणतात, दोघं भाऊ भांडून राहिले का बोलून राहिले, कळतच न्हाई. भाईजाननी सवाल टाकला. मी क्लॅरोनेटच्या तोंडाची वेताची पत्ती ओठात घेतली, आणि श्वास आलाच नाही.

कसं सांगू? छातीत एक ढोल सुरू झाला, बिनतालाचा. बोटांना मुंग्या आल्या. कॉलर गळ्यात रुतायला लागली. समोरची माणसं होती तिथंच होती, पण लांब लांब गेली, आवाज पाण्याखालून आल्यासारखे झाले. डोक्यात एकच गोष्ट: मेलो. लोह्याच्या रस्त्यावर, लाल कोटात, दुसऱ्याच्या लग्नात मेलो. मी रांग सोडून पळालो. स्पीकरच्या गाडीमागं जाऊन बसलो, बटणं ओरबाडून काढली. कुठल्याशा मावशीनं कांदा फोडून नाकाशी धरला. "ऊन लागलं ओ बँडवाल्याला, पाणी आणा, पाणी!" मला त्या कांद्याचीसुद्धा भीती वाटत होती.

नांदेडला आणलं. छातीला वायरी लावल्या, कागद निघाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. पोरसवदा डॉक्टर हसून म्हणाला, "काका, तुम्हाला काहीच झालेलं नाही. घरी जा." हे ऐकून माणसानं खूश व्हायला पाहिजे. मला मात्र रडू आलं. मोडलेलं हाड असतं तर दाखवता आलं असतं, ताप असता तर हात लावून बघा म्हटलं असतं. काहीच झालेलं नाही आणि मी मरून राहिलो, हे कुणाला सांगायचं?

त्यानंतर भीती घरातच राहायला आली. म्हणजे त्या दिवसासारखं परत होईल याची भीती. न्हाणीची कडी लावेना. टेम्पोत मागं बसवेना, दाराशीच बसायचो. बाजारात गेलो की आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायचो, मग भाजी. आणि क्लॅरोनेट! पेटी उघडली, वाद्य जोडलं, पत्ती ओलवली, इथपर्यंत सगळं ठीक. फुंकायची वेळ आली की गळा बंद. दारावर आतून कुणी उभं असल्यासारखा. उठ, बस, चक्कर मार, पाणी पी, परत पेटी उघड, परत बंद. शबाना म्हणायची, "एका जागी थांबा हो, मला बघूनच चक्कर येऊन राहिली."

लग्नं काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. मी जायचो, टेम्पोत बसून राहायचो. लातूरचं एक लग्न लख्ख आठवतं. मोठं मंगल कार्यालय, समोर हमरस्ता. क्लासची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन परण्यातूनच वाट काढत होती, एका पोरीनं कानावर हात ठेवले होते अन् ओठ पाठांतरात हलत होते. तिच्याकडं बघून मला वाटलं, बाई गं, तुझ्याही छातीत वाजून राहिलं का काय? तेवढ्यात ट्रंपेट आलं. सवाल. मग जवाबही ट्रंपेटवरच. भाईजान दोन्ही वाजवत होते. साठीला आलेला माणूस, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, कुठं म्हणून फट ठेवत नव्हते. ऐकणाऱ्यांना काही फरक कळला नसेल. मला टेम्पोत बसून प्रत्येक ओळ टोचत होती.

वाजवून झाल्यावर ते टेम्पोपाशी आले. घामानं कोट काळा पडला होता. थर्मासमधला चहा ओतला, मला दिला नाही.

"दोन्हीकडचं मला झेपत न्हाई रफीक," ते म्हणाले. "नायगावच्या माणसाशी बोललो. क्लॅरोनेट चांगलं वाजवतो. अक्षय्य तृतीयेपर्यंत तुझी वाट बघतो, त्याच्यानंतर तो येईल."

"मग मी?"

"तू आराम कर."

आराम कर! मला कुणी शिवी दिली असती तर एवढं लागलं नसतं. अब्बांच्या बँडात क्लॅरोनेटची जागा माझी होती. मला दुसरं काही येत नाही, खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही. त्या जागेवर दुसरा उभा राहिला की मी कोण? भाईजानचा आजारी भाऊ. बस्स. परतीच्या वाटेवर अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीची काच खाली-वर करत होतो, शेवटी ड्रायव्हरनं माझा हात धरला.

शबानानंच मला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. मी म्हटलं, लोक येडा म्हणतील. ती म्हणाली, "आत्ता काय शहाणा म्हणून राहिले?" त्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, हा चिंतेचा आजार आहे, खरा आहे, पुष्कळांना होतो, अचानक घबराटीचे झटके येतात, त्यानं माणूस मरत नाही. गोळी लिहून दिली आणि म्हणाले, रोज डोळे मिटून शांत बसायचं, ते ध्यान शिकायला दर आठवड्याला कांबळे मॅडमकडं जायचं. बाहेर आल्यावर शबाना म्हणाली, "बरं झालं, आजाराला नाव मिळालं. आता नाव घेऊन शिव्या देता येतील."

कांबळे मॅडम समुपदेशक. उदगीरकडच्या, चाळिशीच्या, आवाज खणखणीत. ध्यान शिकवणारी बाई म्हटल्यावर मी पांढरी साडी, उदबत्ती असं काहीबाही डोक्यात घेऊन गेलो होतो. यांच्या टेबलावर शेंगदाण्याची पुडी आणि पंख्याखाली उडू नये म्हणून कागदांवर ठेवलेला बत्ता. म्हणाल्या, "डोळे मिटा. श्वास येतो तसा येऊ द्या, जातो तसा जाऊ द्या. तुम्ही फक्त बघा. मन पळालं की परत आणा. एवढंच." मी म्हटलं, एवढंच? "एवढंच," म्हणाल्या, "करून बघा की."

एवढंच म्हणे! डोळे मिटले आणि जगातला सगळा कालवा माझ्या डोक्यात भरला. पंखा करकरत होता, बाहेर कुणीतरी केसपेपरवरून भांडत होतं, कानाशी डास. पाठीला खाज. त्यात आठ वर्षांपूर्वी किनवटला वाजवलेली एक चाल सुरू झाली, ती थांबेना. मग भाईजान. मग नायगावचा तो माणूस, ज्याचं तोंडही मी नीट बघितलं नव्हतं, लाल कोट घालून उभा. डोळे उघडले तर मॅडम म्हणाल्या, "अजून दोन मिनिटं झाली न्हाईत." मला वाटलं होतं दुपार टळली.

पण मीही हट्टाचा. श्वास बघायचा ना? श्वासातलं मला कोण शिकवणार? आणि इथंच मी जी चूक केली ती फक्त फुंकणाऱ्या घराण्यातलाच माणूस करू शकतो.

आम्हा दोघा भावांना अब्बांनी दम कमवायला लावला होता. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो कापून नळी करायची, पितळी गिलासात पाणी घ्यायचं, नळीनं फुंकत राहायचं. पाण्यात बुडबुडे निघाले पाहिजेत, आणि ते थांबता कामा नयेत. गालात हवा साठवायची, ती बाहेर सोडता सोडता नाकानं नवी आत ओढायची. बुडबुडे थांबले की डोक्यात टपली बसायची. "दम तुटला!" अब्बा म्हणायचे. कुणी मेल्याची खबर द्यावी अशा आवाजात. वर्षानुवर्षं हे केलं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, या माणसाला श्वास लागतच नाही. आमच्या घराची ही इज्जत. ओळीच्या मधे दम घेताना ऐकू आलेला माणूस आमच्यात कच्चा समजतात.

असा मी सकाळी गच्चीवर चटई टाकून ध्यानाला बसायचो. श्वास बघायचो म्हणजे काय करायचो? तो आखूड दिसला की लांब करायचो. खडबडीत वाटला की घासून गुळगुळीत करायचो. मधे खंड दिसला की शरम वाटायची, मग गालात हवा धरून नाकातून चोरून ओढायची, खंड बुजवायचा. मनातल्या मनात म्हणायचो, वा रफीक, काय दम आहे! घेरी यायची, बोटांना मुंग्या यायच्या, छातीत धडधड. मला वाटायचं, औषध लागू पडतंय, म्हणून जोर दाखवतंय. एके सकाळी गच्चीवरून उतरून भाजीला गेलो आणि मेथीच्या जुडीसमोर लोह्यासारखाच झटका आला. रिकामी पिशवी तिथंच टाकून घरी पळत आलो.

शबानाला म्हटलं, हे ध्यान-बिन आपल्यासारख्यांचं काम नाही. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "नमाजला उभं राहता तेव्हा तरी मन कुठं जागेवर असतं? तिथं पायजम्यावर बोटं वाजवता. म्हणून नमाज सोडली का? जा, मॅडमला सांगा."

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर बसा बरं." बसलो. डोळे मिटले, घरच्यासारखंच सुरू केलं. दोन-चार श्वास झाले असतील, त्या जोरात हसल्या. चिडवणारं हसू नव्हतं ते, आपल्या माणसाचं होतं, पण मी चिडलोच.

"रफीकभाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही ध्यान करून नाही राहिले. तुम्ही वाजवून राहिले!"

मी डोळे उघडले. गाल अजून भरलेलेच होते.

"गाल बघा तुमचे. कोण ऐकून राहिलं इथं? कुणाला दाखवून राहिले?"

"मग काय करू? श्वास दिसला की हात जातोच त्याच्याकडं."

"मग सोडा तो श्वास. चूक माझी बी हाय, बँडवाल्याला श्वास बघ म्हटलं. सगळ्यांना एकच माप बसत न्हाई. उठा. चप्पल काढा. पाय बघा."

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात त्यांनी मला चालवलं. हळू. टाच टेकली, कळू द्या. चवडा टेकला, कळू द्या. उचलला, कळू द्या. बाकड्यावरचे पेशंट बघायला लागले, एक म्हातारा शेजारणीला म्हणाला, पायाला काय झालं याच्या? मला मात्र गंमत वाटली. हळू चालणं हे माझं रोजचं काम. परण्यात घोड्यापुढं मुंगीच्या पावलानं चालतो आम्ही, कधी पाठमोरे चालतो, जन्मभर चाललो. पण पाय टेकतो कसा, हे एकदाही बघितलं नव्हतं. सगळं लक्ष दमाकडं. फरशी गार होती. एका ठिकाणी फुटलेली होती, तिथं करंगळीला कच लागली. त्या व्हरांड्यात, चांगली पाच-सहा पावलं असतील, मी कुठंच पळालो नाही.

"घबराट गेली पाहिजे म्हणून चालू नका," मॅडम म्हणाल्या. "ती येईल. आली की तिला घालवायला बघू नका, अन् पळू बी नका. कुठं धडधडतं, कुठं मुंग्या येतात, बघा, अन् परत पायावर या. ती चढती, चढती, मग उतरती. मी म्हणते म्हणून ऐकू नका, तुमचं तुम्ही बघा."

"मग बरा होईन?"

"काहींना लई फरक पडतो, काहींना थोडा. गोळी मनानं बंद करायची न्हाई. आणि जिथून पळाला ना, तिथं हळूहळू परत जायचं. आधी रांगेत नुसतं उभं राहा. वाजवू नका."

मला राग आला. डॉक्टर लोकांनी छातीठोक बोलावं, होईल म्हणजे होईल. हे काय, काहींना थोडा? पण घरी जाताना बसथांब्यापर्यंत मी टाच-चवडा, टाच-चवडा करत गेलो. मग रोज संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर. एकजण म्हणाला, "रफीकभाई, काही पडलं का? चप्पल शोधून राहिले का?" म्हटलं, हाव. तोही बिचारा माझ्यासोबत खाली बघत चार पावलं चालला.

लोकांना वाटतं ध्यान म्हणजे शांती. मला शांती-बिंती काही भेटली नाही, खोटं कशाला बोलू! आजही सकाळी गच्चीवर अनवाणी चालतो तेव्हा डोक्यात बाजार भरलेला असतो. पाय, मग दुधवाला, मग पाय, मग भाईजान असं का बोलले, मग परत पाय. दहा वेळा पळतो, दहा वेळा आणतो. कंटाळा येतो. कधी शिव्या घालत चालतो. फरक एवढाच पडला की घाटावर एका संध्याकाळी घबराट आली, आणि मी पहिल्यांदा तिथंच राहिलो. छातीतला ढोल चढला. मुंग्या आल्या. पायाखाली दगड होता, दिवसभराचा तापलेला. मी त्या दगडावर उभा राहिलो, रडत होतो, पण उभा राहिलो. आणि ती उतरली. माझ्या कुठल्याही प्रयत्नाशिवाय, आपली आपण उतरली. मी आजूबाजूला बघितलं, कुणाला तरी सांगावं म्हणून. एक बाई कपडे पिळत होती. तिला काय सांगणार?

भाईजानना सांगितलं. ते ट्रंपेट पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "पाय बघतो म्हणं! आधी दम बघत होता, आता पाय. अरे बावा, दम काय बघायची चीज हाय? दम फुकायची चीज हाय. अब्बानं ऐकलं असतं तर..." अक्षय्य तृतीया आठवड्यावर आली होती. नायगावच्या माणसाच्या मापाचा कोट शिंप्याकडं गेला होता, हे मला ताशावाल्यानं सांगितलं. भाईजाननी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यातलं शेवटचं लग्न देवणीला होतं, आणि घरी क्लॅरोनेटवर एखादी ओळ निघायला लागली होती. मी आदल्या संध्याकाळी म्हटलं, "मी येतो. रांगेत उभा राहतो. जमलं तर वाजवतो." भाईजाननी ट्रंपेट पेटीत ठेवलं. मग म्हणाले, "परण्यात रांग सोडून पळाला तर परत येऊ नको." दुसरी संधी नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

उदगीर सोडलं की बोली बदलते, बायका मधेच कानडी बोलतात. देवणीत टेम्पोतून उतरलो तर एक आजी "बा, बा" असं, म्हणजे ये, ये म्हणत पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. शेतकऱ्याचं घर होतं. लिंबाखाली पांढरे-काळे देखणे बैल बांधलेले, ट्रंपेटचा पहिला सूर निघाला की त्यांचे कान हलायचे. आभाळात वळवाचे ढग आणि खाली वाऱ्याचा पत्ता नाही. मी बटणं लावली. वरचं एक लावलं नाही. भाईजाननी ते बघितलं अन् आपलं ट्रंपेट उचललं.

परण्या निघाला. पहिले दोन सवाल-जवाब बरे गेले. आवाज थरथरत होता, पण निघत होता. मी पायांकडं लक्ष ठेवून होतो. डांबर बुटातून भाजत होतं. डावा, उजवा. समोर पोरी नाचत होत्या, घोडा फुरफुरत होता. मारुतीच्या देवळाकडं वळायचं होतं आणि त्या वळणावर घबराट आली. या, बसा, असं काही मी म्हटलं नाही. असं म्हणवत नाही माणसाला. मी म्हटलं, मेली, आजच यायचं होतं! ढोल, मुंग्या, कॉलर, सगळं तसंच. स्पीकरची गाडी चार पावलांवर होती, तिच्यामागं सावली होती. पाय त्या बाजूला वळायला बघत होते.

डावा. टाच, चवडा. उजवा. बुटात एक खडा गेला होता, तो टोचला. मी लक्ष त्या खड्यापाशीच ठेवलं. क्लॅरोनेट आपसूक खाली आलं, छातीपाशी. रांग सोडली नाही, एवढंच माझ्याकडून झालं. ताशावाला माझ्याकडं वळून बघून राहिला होता.

भाईजाननी सवाल टाकला. आता जवाबही तेच देतील, मला ठाऊक होतं, लातूरला ऐकलं होतं, सगळी लगनसराई ऐकत आलो होतो. ट्रंपेट त्यांच्या ओठांवरच होतं. त्यांनी फुंकलं नाही. ढोल एकटाच वाजत राहिला, माझी ओळ येऊन तशीच निघून गेली. नवरदेवाच्या चुलत्यांनी मान वळवली. भाईजाननी तोच सवाल परत टाकला आणि परत थांबले. पोरी त्या नुसत्या ढोलावर नाचत होत्या. माझ्या छातीत अजून वाजत होतं, पण मघाएवढं नाही. ते माझ्याकडं बघत नव्हते. समोर बघत होते, गाल भरलेले, श्वास धरलेला.

तिसऱ्यांदा सवाल आला. मी पत्ती ओठात घेतली आणि फुंकलं. अर्ध्या ओळीत दम तुटला, ढसकन, मिरवणुकीत शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. अब्बांच्या बँडात भर रस्त्यात असा कधी तुटला नव्हता. उरलेला जवाब माझ्याकडून गेला नाही. ती फट उघडी राहिली, सगळ्या गावासमोर, आणि भाईजाननी ती भरली नाही. माझा श्वास परत येईपर्यंत ते थांबले, मग पुढचा सवाल टाकला.